कासवीचं बाळंतपण: वाळूतलं घरटं कसं तयार करायचं



कीर्तनात हा दृष्टान्त आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो: कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, घास भरवत नाही, नुसत्या नजरेनं त्यांना वाढवते. देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढे होतो. पण खरी कासवी बाळंतपण कसं करते, हे आपल्यातल्या किती जणींनी पाहिलं असेल?

समुद्रातली कासवी तर अंडी घालून गेली की मागे वळूनही बघत नाही. मग नजर ठेवायची कोणी? आमच्या किनाऱ्यावर ते काम वन विभागाचे लोक आणि गावातले कासवमित्र करतात, आणि त्यांच्या जोडीला आमचा बचत गट असतो. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या, समुद्राला लागून असलेल्या गावातल्या बाया. पापड, कोकम, आंबापोळी करतो, आणि नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या घरट्यांकडे बघतो. हे घरटं कसं तयार करतात, आमचं त्यात काय चुकलं आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते आज सांगतो.

पाहुणी कोण आहे?

आपल्याकडे येते ती ऑलिव्ह रिडले जातीची कासवी. पाठ शेवाळी-करड्या रंगाची, वजन साधारण पस्तीस ते पन्नास किलो. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर या कासवी हजारोंनी एकदम येतात. आपल्या कोकणात आणि गोव्यात एक-एकटी येते, तीही रात्री. दोन्हीकडच्या कासवी वेगळ्या असतात असं आम्हाला वाटायचं. पण २०२१ साली ओडिशात पायाला बिल्ला लावलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. अख्ख्या देशाला वळसा घालून आली बिचारी.

ती भरतीच्या रेषेच्या वर, मर्यादवेल सुरू होते त्या अंगाला येते. मागच्या पायांनी खड्डा खणते. खड्डा कसा, तर सुरईसारखा: तोंड अरुंद आणि तळ रुंद. खोली साधारण दीड फूट. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. अंडी पांढरी, टेबल-टेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. मग वाळू लोटून खड्डा बुजवते आणि अंग डावी-उजवीकडे आपटत वाळू दाबून घट्ट करते. जमीन चोपताना आपण करतो तसंच. तासाभरात परत समुद्रात.

पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर वाढतात.

मग आपण मध्ये का पडायचं?

हा प्रश्न आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकींनी पहिल्याच बैठकीत विचारला होता. "देवानं तिला शिकवलंय, तुम्ही कोण शिकवणार?" काकींचं म्हणणं खोटं नव्हतं. घरटं जिथे आहे तिथे सुरक्षित असेल तर त्याला हात लावायचा नाही, वरून जाळी लावून राखण करायची, हाच पहिला आणि सगळ्यात चांगला मार्ग आहे.

पण प्रत्येक किनाऱ्यावर ते जमत नाही. गावात भटकी कुत्री वाढली. कोल्हा येतो, घोरपड येते. कधी कासवी चुकून फार खाली अंडी घालते आणि उधाणाच्या भरतीत घरटं बुडतं. आणि माणूसही होताच. आमच्या गावात पूर्वी कासवाची अंडी खायचे, विकायचे. काकींनी स्वतःच सांगितलं, त्यांचे यजमान टोपलीभर अंडी घरी आणायचे आणि त्या शिजवायच्या. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवाला सगळ्यात वरच्या यादीतलं संरक्षण दिलं आहे, पण कायद्याचा कागद वाळूवर पहारा देत नाही.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात, गावकऱ्यांना बरोबर घेऊन, हे काम सुरू केलं. पुढे तिथे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे येऊ लागले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली. आमच्या गटानं वेळासला जाऊन ते पाहिलं आणि मग आपल्या गावात विषय काढला.

जिथे घरटं जागेवर ठेवणं शक्य नसतं, तिथे अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत, तशाच खड्ड्यात ठेवतात. ते काम वन विभागाच्या परवानगीनं आणि शिकलेल्या माणसांच्या हाताखालीच करायचं. हे ऐकून कोणी उत्साहानं उद्या खोरं घेऊन निघू नका.

पहिल्या वर्षीची आमची चूक

पहिल्या वर्षी एक घरटं सकाळी उशिरा कळलं. आम्ही कासवमित्राची वाट न बघता धावलो. अंडी भराभर प्लास्टिकच्या बादलीत काढली, वर-खाली कशीही. बादली मोटारसायकलवर धरून दगड-धोंड्यांच्या वाटेनं कुंपणापर्यंत आणली. खोऱ्यानं चौकोनी खड्डा केला, तोही जेमतेम एक वीत. अंडी ओतली, वाळू लोटली आणि फोटो काढले.

त्या घरट्यात एकशे बारा अंडी होती. पिल्लं बाहेर आली नऊ.

कोणी आम्हाला रागावलं नाही. वन विभागाच्या बाईंनी उरलेली अंडी उकरून आमच्यासमोर एकेक उघडून दाखवली. बहुतेकांत जीव सुरुवातीलाच थांबला होता. तेव्हा कळलं की कोंबडीचं अंडं आणि कासवीचं अंडं यांत मोठा फरक आहे. खुडूक कोंबडी अंडी उलटी-सुलटी करते आणि ते त्यांना लागतंच. कासवीच्या अंड्यात मात्र घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं किंवा हिंदकळलं की तो सुटतो आणि मरतो. आम्ही मायेनं धावलो होतो, आणि त्या धावण्यानंच घात केला.

काकी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता त्या एकट्याच पुळणीवर गेल्या. आपण उशिरा पोचतो, ही अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती. वाळूवरचा माग वाचणं आणि टाचेनं दाबून वाळू कुठे भुसभुशीत आहे ते ओळखणं ही विद्या त्यांच्या घरात पूर्वीपासून होती. तेव्हा अंडी आणण्यासाठी होती, आता राखण्यासाठी. तेव्हापासून हंगामात काकींची पहाट चुकलेली नाही.

जागा कशी तयार करायची

आता नीट क्रमानं सांगतो.

जागा त्याच किनाऱ्यावर निवडायची, मोठ्या उधाणाचं पाणीही पोचणार नाही इतकी वर. सुरूच्या झाडांच्या अगदी खाली नको, मुळं खड्ड्यात शिरतात. खाडीच्या तोंडाशीही नको, तिथली वाळू वाहून जाते.

हंगामाआधी त्या जागेतली वाळू दोन-अडीच फूट खोल काढून चाळायची. मुळं, शिंपल्या, काचा, जाळ्यांचे तुकडे, प्लास्टिक सगळं बाहेर. ऊन दाखवायचं आणि परत भरून बसू द्यायची. दरवर्षी जागा बदलायची, कारण गेल्या वर्षीची फुटकी कवचं वाळूत राहिली की बुरशी आणि मुंग्या येतात. आपण वाफ्याची फेरपालट करतो तसंच हे.

भोवती बांबूचं कुंपण आणि जाळी. जाळी वाळूवर नुसती टेकवायची नाही, दीड फूट वाळूत गाडायची, नाहीतर कुत्रा उकरतो आणि खेकडा खालून शिरतो.

दोन घरट्यांमध्ये एक मीटर, म्हणजे दोन हातांहून थोडं जास्त अंतर ठेवायचं. वाढणाऱ्या अंड्यांची स्वतःची ऊब असते, घरटी जवळजवळ आली की ती वाढते. शिवाय राखण करणाऱ्यांना पाय ठेवायला जागा लागते. वीस घरट्यांची जागा करायची तर पाच ओळी, ओळीत चार.

खड्डा आणि अंडी

खड्ड्याचं माप आपण ठरवायचं नाही, कासवीनं ठरवलेलं असतं. तिचं मूळ घरटं उघडताना खोली आणि रुंदी टेपनं मोजून घ्यायची आणि तेवढाच खड्डा करायचा. खोरं बाजूला ठेवा. हातानं किंवा करवंटीनं खणा. तोंड अरुंद, खाली पोट गोल. तळाशी ओलसर वाळू लागली पाहिजे. वाळू मुठीत दाबली तर लाडवासारखी बसावी, पण पाणी सुटू नये, एवढाच ओलावा हवा.

हात स्वच्छ पाहिजेत. तेल, क्रीम, डासांचं मलम, मेंदी काही नको. कवच मऊ असतं, त्यातून अंडं श्वास घेतं. आमच्यातली एक जण डोक्याला तेल लावून आली की तिला त्या दिवशी वहीचं काम देतो.

अंडी एकेक करून, ज्या बाजूनं वर आहे तीच बाजू वर ठेवून काढायची. टोपलीत खाली मूळ घरट्यातली ओली वाळू पसरायची आणि त्यावर अलगद ठेवायची. वर ओल्या कापडाची सावली धरायची. टोपली दोघींनी धरून पायी न्यायची, गाडीवर नाही. हे सगळं अंडी घातल्यापासून शक्यतो सहा तासांच्या आत संपवायचं. उशीर झाला असेल तर वन विभागाच्या माणसांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

खड्ड्यात अंडी ओतायची नाहीत, ठेवायची. मोजत ठेवायची. मूळ घरट्यातली थोडी वाळू बरोबर टाकायची, मग ओली वाळू, सगळ्यात वर कोरडी. हातानं हलकेच दाबायचं. पायानं चोपायचं नाही.

शेजारी पाटी लावायची: घरटं क्रमांक, तारीख, कुठे सापडलं, किती वाजता हलवलं, अंडी किती. हीच माहिती वहीत लिहायची. गटाची हिशेबाची वही जशी ठेवतो तशीच ही दुसरी वही आहे. फरक इतकाच की यातली बाकी दीड-दोन महिन्यांनी उघडते.

मुलगे की मुली?

वेळासला हे ऐकलं तेव्हा आमच्यात जरा हशा झाला होता. कासवाच्या अंड्यात मुलगा की मुलगी हे वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण एकोणतीस-तीस अंश तापमानात दोन्ही निपजतात. वाळू त्याहून गरम राहिली तर मुली जास्त, गार राहिली तर मुलगे जास्त. फारच तापली, पस्तीस अंशांच्या आसपास गेली, तर अंडी मरतातच.

म्हणून घरट्याशेजारी तापमापक ठेवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढलं की वन विभागाच्या सांगण्यावरून वर शेडनेट बांधतो. मनाला येईल तसं पाणी मात्र शिंपडायचं नाही. पाणी साचलं तर अंडी गुदमरतात. सावली किती करायची, कधी करायची हे तापमापकाचा आकडा बघून ठरतं. आपल्याला उकडतंय म्हणून नाही.

नजर ठेवायची, हात नाही

यानंतरचं काम सगळ्यात अवघड, कारण काही करायचं नसतं. उकरून बघायचं नाही. "आत काय झालंय जरा बघू" असं प्रत्येकीला वाटतं. पण दाराआड बाळंतीण असताना आपण दहा वेळा दार उघडत नाही. कुत्र्यांपासून राखण करायची, कुंपण तपासायचं, मुंग्या दिसतात का ते बघायचं.

चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले की प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली उपडी घालायची. कोंबड्यांना डालतो तसं डालंच ते. पिल्लं रात्री निघाली तर इकडे-तिकडे पांगत नाहीत आणि कोणत्या घरट्यातली किती हे कळतं. बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी घरट्यावरची वाळू मध्ये खचते, बशीएवढा खळगा पडतो. तो दिसला की सकाळ-संध्याकाळची फेरी वाढवायची. डाल्याखाली पिल्लं उन्हात अडकली तर ती तापून मरतात.

पिल्लं निघाली की समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडायची. पाण्यात नेऊन टाकायची नाहीत, टबात खेळवायची नाहीत. त्यांना चालू द्यायचं. समुद्राकडची उजेडाची बाजू बघून ती आपली वाट धरतात. म्हणून टॉर्च, मोबाईल, फ्लॅश बंद. किनाऱ्यावरच्या दिव्याकडे वळलेलं पिल्लू चुकीच्या दिशेला चालत राहतं आणि थकून मरतं. सोडायची वेळ पहाटेची नाहीतर सूर्य मावळतानाची. दिवसा घारी आणि कावळे टपलेले असतात.

दोन दिवसांनी घरटं उकरून फुटलेली कवचं, न फुटलेली अंडी मोजायची आणि वहीत मांडायची. आकडा वाईट आला तरी लिहायचा. आमच्या वहीत पहिल्या पानावर एकशे बारातले नऊ अजून आहेत.

आठ ताटांची गोष्ट

कासवं बघायला पाहुणे येतात, त्यांचं जेवण-राहणं आमच्या गटाकडे असतं. उकडीचे मोदक, सोलकढी, माशाचं कालवण. गटाला त्यातून पैसे मिळतात हे लपवायचं कारण नाही. पण त्यातच खरी परीक्षा असते.

एका संध्याकाळी शहरातून आठ जण आले. त्या दिवशी एकाही घरट्यातून पिल्लू निघालं नव्हतं. ते म्हणाले, "एवढ्या लांबून आलोय, एक घरटं उकरून दाखवा, पैसे जास्त घ्या." दुसरा म्हणाला, "काल निघालेली दोन-चार ठेवून द्यायची होती." आमच्यातल्या एक-दोघी डळमळल्या, खोटं कशाला सांगू. गटाच्या कर्जाचा हप्ता त्याच आठवड्यात होता. काकी चुलीपासून उठल्या आणि म्हणाल्या, "अंडी उकरून पैसे करायचे दिवस आमच्या घरात येऊन गेले. आता नाही." पाहुणे न जेवता गेले. आठ ताटं वाढलेली तशीच राहिली. हप्ता आम्ही गटातल्या आपापसातल्या बचतीतून भरला.

त्यानंतर बैठकीत ठराव केला. फोनवर नोंदणी घेतानाच सांगायचं: पिल्लं दिसतीलच असं नाही, निघाली तर पहाटे किंवा संध्याकाळी दोरीमागे उभं राहून बघायची, हात लावायचा नाही, घरटं उकरलं जाणार नाही. काही जण मग येत नाहीत. जे येतात ते थांबतात, समुद्र बघतात, जेवून जातात, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना घेऊन येतात.

समुद्र नसलेल्या सख्यांसाठी

आमच्या गावाला समुद्रच नाही, मग हे आम्हाला कशाला, असं कोणी म्हणेल. पण नदीकाठी, तळ्याच्या बांधावर, शेतात खणताना गोड्या पाण्यातल्या कासवांची, घोरपडीची अंडी तुम्हालाही सापडतात. तेव्हा ती उचलू नका, उलटी करू नका. होती तशीच ठेवून त्याच मातीनं झाका, खूण करा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दुसरं, कासव घरात असलं की पैसा टिकतो असं सांगून कोणी पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव विकायला आणलं तर घेऊ नका. आपल्याकडची रानातली कासवं घरात पाळणं कायद्यानं गुन्हा आहे. कोणाच्या हौदात असं कासव असेल तर त्यांनाही समजावून सांगा आणि वन विभागाला कळवायला लावा.

हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं असं म्हणतात. जी मादी वाचते ती बऱ्याच वर्षांनी आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे अंडी घालायला परत येते. आमच्या घरट्यातून गेलेली कोणी परत येईल तेव्हा काकी नसतील, कदाचित आम्हीही नसू. वही मात्र ठेवली आहे, सुनांच्या हाती द्यायला.

या हंगामात कधी कोकणात आलात तर या. टॉर्च पिशवीतच ठेवा. नमस्कार.